बोहल्यावरचे म्हातारपण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जरठकुमारी विवाह हा शब्द आजच्या कॉलेजातल्या मुलांना फोड करून सांगावा लागतो. जरठ म्हणजे म्हातारा आणि कुमारी म्हणजे कोवळ्या वयाची मुलगी. या दोघांच्या लग्नाला जरठकुमारी विवाह म्हणत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा शब्द महाराष्ट्रात शिकल्यासवरल्या घरांत सगळ्यांना माहीत होता, कारण तशी लग्ने डोळ्यांसमोर होत होती. आज शब्द मागे पडला आहे. पण म्हाताऱ्या माणसाचे लग्न म्हटले, की आपल्याला अजूनही आधी हसू येते. चौकात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत या विषयावरचा विनोद हमखास चालतो.

आज मला या हसण्याविषयी बोलायचे आहे. ते कोणावर असते, कुठे थांबते आणि थांबल्यावर आपल्याला काय दिसते, एवढेच. त्यासाठी मी एक नाटक आणि तीन चित्रपट घेणार आहे. नाटक आणि एक चित्रपट मराठी आहेत. दुसरा चित्रपट हैदराबादचा आहे. तिसरा फार दूरच्या थंड मुलखातला, तोही मूकपट. आणि शेवटी आपण लातूर-नांदेडला परत येऊ, कारण हा सगळा हिशेब आपल्याच जिल्ह्यात येऊन मिळतो.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली रंगभूमीवर आणले. त्याआधी संगीत नाटक म्हटले, की शकुंतला, सुभद्रा अशा पुराणातल्या नायिका समोर येत. देवलांनी शेजारच्या घरातली मुलगी रंगमंचावर आणली. गोष्ट साधी आहे. भुजंगनाथ नावाचा श्रीमंत म्हातारा. बायको वारलेली, पैसा मुबलक आणि पुन्हा बोहल्यावर चढण्याची हौस दांडगी. भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ त्याच्यासाठी मुलगी शोधतो. कांचनभट नावाचा बाप पैशाच्या लोभाने आपली शारदा द्यायला तयार होतो. नावे पाहिली तरी देवलांचा रोख कळतो. म्हाताऱ्याच्या नावात भुजंग आहे आणि बापाच्या नावात सोने.

नाटक पाहताना प्रेक्षक पोट धरून हसतो. भुजंगनाथाला आपले वय मोजायचे नसते. त्याचा थाट आणि त्याची घाई पाहून हसू आवरत नाही. शारदेच्या मैत्रिणी त्याच्या वयावरून जे थट्टेचे पद म्हणतात, ते पुढे इतके लोकप्रिय झाले, की नाटक न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसले. आमच्या मराठवाड्यातही जुनी माणसे ते गुणगुणत असत. मीही पहिल्यांदा ते पद ऐकले आणि नाटक नंतर वाचले.

वाचल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. आपण हसतो ते भुजंगनाथाला, आणि व्यवहार झालेला असतो कांचनभट व भद्रेश्वर यांच्यात. म्हातारा गिऱ्हाईक आहे. विकणारा बाप आहे आणि दलाली खाणारा मध्यस्थ आहे. विनोदाचा सगळा उजेड गिऱ्हाइकावर पडतो आणि दुकान अंधारात राहते. शारदा आपल्या आईबापांपुढे रडते तेव्हा हसू थांबते आणि तेव्हाच ते दुकान दिसू लागते.

आणखी एक गंमत पाहा. नाटकात हे लग्न अखेर मोडते, पण कशाने? वधू आणि वर एकाच गोत्राचे निघतात म्हणून. मुलीला हे लग्न नको आहे, एवढे कारण तिथे कोणालाच पुरत नाही. जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि तिचे त्याच्याशी लग्न व्हायलाही शंकराचार्यांची अनुमती लागते. देवलांना आपला समाज पुरता ठाऊक होता. मुलीच्या 'नको'ला किंमत नाही, गोत्राला आहे, हे त्यांनी न बोलता दाखवले.

नाटकानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्याला लोक सारडा कायदा म्हणत. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी तो मांडला होता. आपल्याकडे मात्र पुष्कळांनी त्याचे नाव शारदा कायदा असेच धरले आणि तो देवलांच्या शारदेवरून आला असे समजून चालले. चूक खरी, पण गोड चूक. नाटकाने लोकांच्या मनात केवढी जागा केली होती, हे त्यातून कळते. या कायद्याने मुलीचे वय किमान चौदा आणि मुलाचे किमान अठरा असावे असे ठरवले. पुढे १९७८ साली मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस अशी मर्यादा आली आणि २००६ साली बालविवाह प्रतिबंधाचा नवा, अधिक कडक कायदा झाला.

इथे आपल्या भागाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. १९२९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पुण्या-मुंबईच्या मुलीला जो कायद्याचा आधार मिळाला, तो आमच्याकडच्या मुलीला लगेच मिळाला नाही. त्यासाठी सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात येईपर्यंत थांबावे लागले. शारदेचे पद मात्र सरहद्द ओलांडून आधीच आले होते. पदाला परवाना लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या सगळ्या कायद्यांनी वयाची खालची मर्यादा घातली, वरची घातली नाही. मुलगी सज्ञान असेल तर सत्तर वर्षांच्या माणसाशी तिचे लग्न आजही कायदेशीर ठरते. मग तिथे एकच प्रश्न उरतो, तो तिच्या राजीखुशीचा. नेमका हाच प्रश्न व्ही. शांताराम यांनी 'कुंकू'मध्ये उचलला.

'कुंकू' हा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा बोलपट. हिंदीत तो 'दुनिया न माने' या नावाने निघाला. कथा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली होती. नीरा नावाची पोरकी मुलगी मामाकडे वाढलेली असते. तिची फसवणूक होते आणि काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी तिचे लग्न लावले जाते. शांता आपटे नीरा झाल्या होत्या आणि केशवराव दाते काकासाहेब. नीरा वयाने समजती आहे, त्यामुळे वयाचा कायदा तिच्या मदतीला येत नाही. ती रडत बसत नाही, विहीरही शोधत नाही. ती त्या घरात राहते आणि नवरा म्हणून काकासाहेबांना नाकारते. तिच्याकडे वाईट नजरेने पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती चांगलीच अद्दल घडवते. शारदेच्या 'नको'ला गोत्राचा टेकू लागला होता. नीराचे 'नको' स्वतःच्या पायावर उभे राहते. अडतीस वर्षांत मराठी मुलगी एवढी पुढे आली होती.

काकासाहेबांच्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. पडद्यावर त्या समाजसेविका होत्या आणि पडद्याबाहेरही त्यांनी र. धों. कर्वे यांच्या संततिनियमनाच्या कामाला हातभार लावला. पुढे त्या राज्यसभेवर गेल्या. अशी बाई त्या भूमिकेसाठी निवडण्यात शांतारामबापूंचा विचार दिसतो.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. पडद्यावर जी वस्तू दिसते तिचाच आवाज ऐकू येतो. काकासाहेबांच्या घरातले जुने लंबकाचे घड्याळ टिकटिकत राहते आणि म्हाताऱ्याला आपले वय विसरू देत नाही. सुरुवातीला आपण काकासाहेबांच्या तरुण दिसण्याच्या धडपडीला हसतो. हळूहळू ती टिकटिक आपल्याही कानात बसते आणि हसू ओसरते. शांताराम मूकपटाच्या शाळेत शिकलेले होते. बाबूराव पेंटरांच्या १९२५ सालच्या 'सावकारी पाश' या मूकपटात त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. शब्दाशिवाय वस्तूकडून कसे बोलवून घ्यायचे, हे ते तिथे शिकले असावेत.

काकासाहेबांना आपला अन्याय कळतो. नीराला मोकळे करून, दुसरा संसार मांड असे पत्रात लिहून ते जीव देतात. हा शेवट मला दर वेळी अस्वस्थ करतो. माणूस सुधारला, त्याला चूक कळली आणि मग त्याच्यासाठी जगण्याची जागाच उरली नाही. नीरा सुटली ती काकासाहेब गेल्यामुळे. म्हातारपणाला मान देणारी आणि तरुणपणालाही मोकळीक देणारी तिसरी वाट त्या घरात नव्हती.

हा फक्त वाड्यांमधला, एका जातीतला प्रश्न होता असे कोणी समजू नये. माझ्या समाजाची गोष्ट मीच सांगितली पाहिजे. आम्हा नांदेडकर मुसलमानांचे अर्धे नातेवाईक हैदराबादला. त्या हैदराबादवर सागर सरहदी यांनी १९८२ साली 'बाजार' काढला. त्यात आखातात पैसा कमावलेल्या वयस्क माणसासाठी गरीब घरातली मुलगी शोधली जाते. तिचे प्रेम दुसऱ्यावर असते. लग्न लागते आणि ती विष घेते. सुप्रिया पाठक, फारुख शेख, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह अशी मंडळी त्यात होती. गझला इतक्या सुंदर, की लोक गझला गुणगुणतात आणि मुलगी विसरतात. १९९१ साली हैदराबादहून दिल्लीला निघालेल्या विमानात एका हवाई सुंदरीला एक लहान मुलगी रडताना दिसली. शेजारी बसलेला साठीतला परदेशी माणूस तिचा नवरा होता. ती बातमी सगळ्या देशाने वाचली.

निकाहात मुलीची संमती विचारावी लागते. मेहर ठरतो तो मुलीचा असतो, बापाचा नसतो. नियम इतका स्वच्छ आहे. 'बाजार'मध्ये संमती विचारली जाते, पण पैसा भलत्याच हातांतून फिरतो. तिथे मला कांचनभट ओळखू येतो. त्याला धर्म नसतो, त्याला फक्त गरज किंवा लोभ असतो. या चित्रपटात हसायला जागाच नाही आणि त्यामुळे दुकान पहिल्यापासून दिसते.

आता त्या तिसऱ्या वाटेकडे वळू. ती मला 'कुंकू'च्या सतरा वर्षे आधीच्या एका विनोदी मूकपटात सापडली. डेन्मार्कचे दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांनी १९२० साली एका स्वीडिश कंपनीसाठी तो नॉर्वेत काढला. लिलेहामर या गावी जुनी लाकडी घरे जपून ठेवलेले उघड्यावरचे संग्रहालय आहे, तिथे त्याचे चित्रीकरण झाले. नाव मराठीत सांगायचे तर 'पाद्र्याची विधवा'. यात उलटे आहे. म्हातारी नवरी आणि तरुण नवरा.

त्या मुलखातल्या प्रॉटेस्टंट पंथात पाद्री लग्न करतात. पाद्र्याला गावाकडून घर मिळते, शेतीवाडी मिळते. पण ते सगळे नोकरीचे. पाद्री वारला, की घर नव्या पाद्र्याचे. मग जुन्या पाद्र्याच्या विधवेने जायचे कुठे? पेन्शन नाही, फंड नाही. त्यावर त्या काळच्या समाजाने काढलेला तोडगा असा, की नव्या पाद्र्याने तिचा सांभाळ करावा आणि तिने मागणी केली तर तिच्याशी लग्न करावे. ही निव्वळ सिनेमाची कल्पना नाही. सतराव्या-अठराव्या शतकात त्या देशांत अशी प्रथा खरोखर होती. चर्चच्या वादकाच्या जागेलाही अशा अटी असत. १७०३ साली हँडेल हा पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार ल्युबेक या जर्मन शहरात अशीच एक जागा पाहायला गेला होता. आधीच्या वादकाच्या मुलीशी लग्न करावे लागेल हे कळल्यावर तो आणि त्याचा मित्र परत फिरले.

चित्रपटातला सोफ्रेन हा तरुण गरीब आहे. मारी नावाच्या मुलीवर त्याचे प्रेम आहे. पाद्र्याची जागा मिळाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असे मारीच्या बापाने बजावलेले असते. दोन प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून सोफ्रेन जागा मिळवतो आणि मग त्याला कळते, की जागेबरोबर मार्गारेटही आहे. तिने तीन पाद्री नवरे पोहोचवलेले आहेत. खाल्लेला मासा आणि वर घेतलेले मद्य यांच्या गुंगीत सोफ्रेनला ती तरुण दिसू लागते आणि तो तिला मागणी घालून बसतो. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटते, म्हातारीने चेटूक केले. लग्न होते. मारीला तो आपली बहीण म्हणून त्याच घरात कामाला ठेवतो. पुढचा धुमाकूळ आपल्याकडच्या वगनाट्यात शोभेल असा आहे. रात्री मारीला चोरून भेटायला जावे, तर भलतीच म्हातारी मोलकरीण समोर यावी. मार्गारेटला घाबरवण्यासाठी सैतानाचे सोंग घ्यावे, तर तिने पायातल्या सपातांवरून ओळखावे.

मी हा चित्रपट नांदेडला एका मित्राच्या घरी पाहिला. अक्षरपाट्या इंग्रजीत होत्या. मित्राच्या आईंना त्या वाचता येत नव्हत्या, पण कुठे हसायचे ते त्यांना आमच्याआधी कळत होते. मूकपटाचे हेच वैशिष्ट्य आहे.

मग हसू थांबते. म्हातारी पडावी म्हणून सोफ्रेन एक शिडी हलवून ठेवतो आणि पडते मारी. ती जबर जखमी होते. तिची शुश्रूषा मार्गारेट करते, आईसारखी, दिवसेंदिवस. आणि एके दिवशी सोफ्रेनला ती आपली गोष्ट सांगते. तीही कधी तरुण होती. तिचे आणि तिच्या पहिल्या नवऱ्याचे असेच प्रेम होते. त्यांच्याही वाटेत आधीच्या पाद्र्याची विधवा उभी होती आणि ती मरावी म्हणून ती दोघे वाट पाहत होती. सोफ्रेनची मान खाली जाते. मारी माझी बहीण नाही, आमचे लग्न ठरलेले होते, असे तो कबूल करतो. म्हातारी रागावत नाही. तिला त्या पोरांची कीव येते.

पुढे ती आपल्या वेळेने जाते. जाण्याआधी घरदार, शेतीवाडी यांचा निरोप घेते. शेवटी सोफ्रेन तिच्या कबरीपाशी मारीला सांगतो, की आपण तिचे देणे लागतो. तिने तुला घर राखायला शिकवले आणि मला भला माणूस व्हायला. हिल्डूर कार्लबर्ग या वृद्ध अभिनेत्रीने ही भूमिका केली. चित्रीकरणाच्या वेळी ती आजारी होती आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, त्याच वर्षी, ती वारली. हे कळल्यावर तिचा तो निरोपाचा प्रसंग पाहवत नाही.

चित्रपट संपल्यावर मित्राच्या आई एवढेच म्हणाल्या, "तिला आधीच एक खोली अन् भाकर बांधून दिली असती, तर कशाला लग्न करत बसली असती ती?"

त्या एका वाक्यात सगळे आले. मार्गारेटला नवरा नको होता. तिला छप्पर हवे होते. गावाने छपराचा प्रश्न लग्नाच्या गळ्यात बांधला आणि एका लग्नाने तीन माणसांची कोंडी केली. भुजंगनाथ आणि मार्गारेट यांना एका मापाने मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. त्याच्यापाशी पैसा होता आणि हौस होती. तिच्यापाशी काहीच नव्हते. पण दोन्ही गोष्टींत लग्नाच्या आड भाकरीचा व्यवहार आहे. शारदेच्या बापाचा लोभ, नीराचे पोरकेपण, हैदराबादच्या मुलीची गरिबी आणि मार्गारेटचे छप्पर. हसू थांबल्यावर दर वेळी भाकर दिसते.

आता आपल्या गावात या. वारलेल्या माणसाची नोकरी आणि तिच्याबरोबर त्याच्या माणसांचा सांभाळ, ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. तिला आपण अनुकंपा म्हणतो. सरकारी कर्मचारी सेवेत असताना वारला, तर त्याच्या कुटुंबातल्या एकाला नियमांप्रमाणे नोकरी मिळू शकते. ती घेताना बाकीच्या अवलंबितांचा सांभाळ करीन, असे हमीपत्र द्यावे लागते. सोफ्रेनला जे लग्न लावून करायला लावले, ते आपल्याकडे एका कागदावर होते. ही केवढी सुधारणा आहे! नांदेडला रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे. तिथल्या क्वार्टरमधल्या एखाद्या विधवेला विचारा, नवऱ्यामागे घर सोडण्याची नोटीस काय असते ते. तरीही तिला कुटुंब निवृत्तिवेतन असते. मार्गारेटला ते नव्हते.

पण हमीपत्र दिले म्हणून सांभाळ होतोच असे नाही. मुलगा नोकरीला लागतो, शहरात घर करतो आणि आई गावाकडे राहते, ही तक्रार आपल्याकडे नवी नाही. २०२० च्या अखेरीस लातूर जिल्हा परिषदेने ठराव केला, की जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातले ३० टक्के कापून आईवडिलांच्या बँक खात्यात जमा करायचे. २०२१ च्या सुरुवातीला अशी कपात प्रत्यक्ष झाल्याच्या बातम्या आल्या. त्यांत शिक्षकही होते. लोक तेव्हाही हसले. गुरुजींचा पगार आईच्या खात्यात, हा काही दिवस चहाच्या टपरीवरचा विनोद होता. मला मात्र त्यात ड्रायरचा चित्रपट दिसला. नोकरीला कर्तव्य चिकटलेले आहे, हे लातूरने उघड सांगितले आणि त्यासाठी कोणाला बोहल्यावर चढवले नाही.

जिल्हा परिषदेच्या नोकरीत नसलेल्यांसाठीही कायदा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. ज्याला मुले सांभाळत नाहीत, त्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. मूलबाळ नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा जाणार आहे, त्याच्यावरही ही जबाबदारी येते. आपल्याकडच्या किती म्हाताऱ्यांना हे सांगितले गेले आहे, हा प्रश्न ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरता विचारावा.

भाकर वेगळी काढली, की लग्नाचा चेहरा कसा बदलतो, याचे एक उदाहरण देतो. माझ्या परिचयातले एक निवृत्त गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. पासष्टीनंतर त्यांनी एका पन्नाशीच्या विधवा बाईंशी निकाह करायचे ठरवले. दोघांनाही सोबत हवी होती. गल्ली हसली. मुले हसली नाहीत, ती चिडली. वरवर बोलणे अब्बांच्या वयाचे आणि लोकलाजेचे होते, आत चिंता घराची होती. आमच्या वारसा-नियमात मुले असताना विधवेला आठवा हिस्सा मिळतो. तो आठवा हिस्सा सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. शेवटी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने सगळ्यांना एकत्र बसवले. मेहर आधीच रोख देऊन टाकली. घर मुलांच्या नावे झाले आणि बाईंना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क लिहून दिला. कागद झाल्यावर आठ दिवसांत थोरली सून स्वतः बाईंसाठी कपडे घेऊन आली. तिचे मन वाईट नव्हते, भीती वाईट होती. काकासाहेबांच्या घरात असा कागद करणारा कोणी नव्हता.

आणि याच्या उलट टोकाला आजही काय चालले आहे, तेही सांगितले पाहिजे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल जोडीवर मिळते. मग पोराची जोडी लवकर लावायची घाई होते आणि मुलगी सहा महिने गावात एकटी ठेवायची भीतीही असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर स्त्रियांमागे सुमारे बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. इथे नवरा म्हातारा नाही, म्हणून कोणी नाटक लिहीत नाही आणि कोणी हसतही नाही. पण लग्नाच्या आड भाकर आहेच. मुलीचे वय मोजणारा कायदा आपल्याकडे आहे. तिच्या बापाला उचलीशिवाय हंगाम काढता येईल, अशी सोय झाली तर तो कायदा खऱ्या अर्थाने उभा राहील.

कागद आणि कायदा यांनी सगळे होते, असेही मला म्हणायचे नाही. पगारातून ३० टक्के कापता येतात, आईशेजारी बसून दोन घटका बोलणे कापून घेता येत नाही. सोफ्रेनची मान कायद्याने खाली गेली नव्हती. आपल्या वाटेतली म्हातारी एके काळी आपल्यासारखीच होती, हे ऐकल्यावर ती गेली. कायद्याने फक्त एवढे करावे, की म्हाताऱ्या माणसाला भाकरीसाठी कोणाच्या आयुष्यात घुसावे लागू नये आणि तरुणाला भाकरीसाठी कोणाच्या मरणाची वाट पाहावी लागू नये. पुढचे बोलणे घरातल्या माणसांनी करायचे आहे. त्यासाठी आधी म्हाताऱ्यांना त्यांची जुनी गोष्ट विचारावी लागेल आणि ती संपेपर्यंत शेजारी बसावे लागेल.